हवामान बदल माणसामुळेच, हे ठरवलं कसं? हवा मोजणाऱ्याचं उत्तर

प्रश्न थोडक्यात असा होता: पृथ्वीचं हवामान लाखो वर्षांपासून बदलतच आलंय, हिमयुगं आली आणि गेली, तेव्हा कुठे गाड्या आणि कारखाने होते? मग आत्ताची तापमानवाढ माणसामुळेच हे कशावरून? आणि हवेत जेमतेम 0.04 टक्के असलेला वायू एवढं काय करणार?

प्रश्न खोचक आहे पण रास्त आहे. मी गेली बावीस वर्षं हवेतले वायू मोजायचं काम करतोय, कार्बन डायऑक्साइड, मिथेन वगैरे, त्यामुळे माझं उत्तर मोजमापाच्या बाजूनेच येणार. कॉम्प्युटर मॉडेल्स हा माझा प्रांत नाही आणि खरं सांगायचं तर या प्रश्नाला मॉडेल्सची गरज फार उशिरा लागते, त्याच्या आधीच बरंचसं उत्तर मिळून गेलेलं असतं.

एक गोष्ट आधीच मान्य करून टाकतो. नुसतं तापमान वाढलं एवढ्यावरून कारण कळत नाही. ताप आला म्हणजे मलेरियाच असं कुठला डॉक्टर म्हणेल? तो रक्त तपासेल. इथेही तसंच आहे, सूर्य तापला तर पृथ्वी एका पद्धतीने गरम होते, वायू वाढले तर वेगळ्या पद्धतीने, आणि ज्वालामुखी असेल तर हवेत वेगळ्याच खुणा सापडतात. आम्ही या खुणा शोधतो. त्यामुळे "पूर्वीही बदललं होतं" हे वाक्य शंभर टक्के खरं असलं तरी त्यातून आत्ताचं कारण काय ते निघत नाही. पूर्वी वीज पडून जंगलं पेटायची, म्हणून आज कोणी काडी लावूच शकत नाही असं थोडंच आहे.

आता 0.04 टक्क्यांकडे येतो. हवेचा नमुना कसा घेतात ते सांगतो म्हणजे हा आकडा किती नाजूक आहे ते कळेल. काचेची जाड बाटली असते, दोन्ही टोकांना व्हॉल्व्ह. वाऱ्याकडे तोंड करून उभं राहायचं, दोन-चार श्वास घ्यायचे, मग एक खोल श्वास घेऊन रोखून धरायचा आणि तसंच वारा येतो त्या बाजूला चार पावलं पुढे जाऊन व्हॉल्व्ह उघडायचा. बंद करून परत आल्यावरच श्वास सोडायचा. का? कारण आपण सोडलेल्या श्वासात कार्बन डायऑक्साइड असतो 40,000 पीपीएमच्या आसपास, म्हणजे दहा लाख रेणूंमागे चाळीस हजार, आणि बाहेरच्या हवेत आहे सव्वाचारशेच्या आसपास. एक फुंकर आणि नमुना बाद. माझे पहिल्या वर्षाचे कितीतरी नमुने असेच बाद झाले आणि आमचे सर नुसता आकडा बघून सांगायचे की इथे तू श्वास सोडलास.

(इथे हमखास एक जण विचारतो की मग आठशे कोटी माणसांच्या श्वासामुळेच वाढत असेल! नाही हो. श्वासातला कार्बन अन्नातून येतो, अन्न झाडांकडून आणि झाडांनी तो हवेतूनच घेतलेला असतो गेल्या काही महिन्यांत किंवा वर्षांत. या खिशातून त्या खिशात. जमिनीखाली कोट्यवधी वर्षं गाडलेला कोळसा जाळणं म्हणजे बाहेरून नवीन पैसा आणून ओतणं.)

तर सव्वाचारशे पीपीएम म्हणजे 0.04 टक्के. कमी वाटतं, पण उरलेल्या हवेत काय आहे ते बघा. नायट्रोजन आणि ऑक्सिजन मिळून 99 टक्के, आणि हे दोन्ही वायू पृथ्वीवरून निघणारी उष्णता, म्हणजे इन्फ्रारेड, जवळजवळ अडवतच नाहीत, त्यांच्यातून ती आरपार जाते. दोन अणूंचे रेणू ते, त्यांची थरथर या प्रकाशाशी जुळत नाही. कार्बन डायऑक्साइड तीन अणूंचा, तो वाकतो, ताणला जातो आणि 15 मायक्रॉनच्या आसपासची उष्णता गिळतो, नेमकी तिथेच जिथे पृथ्वीकडून भरपूर उष्णता निघते. म्हणजे खेळात उतरणारे खेळाडूच इतके कमी आहेत की 99 टक्के प्रेक्षकांची संख्या मोजून उपयोग नाही.

आणि हे काही परवा लागलेले शोध नाहीत. 1856 साली युनिस फूट या अमेरिकन बाईंनी काचेच्या नळ्यांमध्ये वेगवेगळे वायू भरून त्या उन्हात ठेवल्या आणि कार्बन डायऑक्साइडची नळी सगळ्यात जास्त तापली, थंड व्हायलाही जास्त वेळ लागला असं नोंदवलं. असा वायू हवेत जास्त असता तर पृथ्वी जास्त गरम असती हेही त्यांनी तेव्हाच लिहून ठेवलं. तीनेक वर्षांनी जॉन टिंडल या भौतिकशास्त्रज्ञाने प्रयोगशाळेत कोणता वायू किती उष्णता शोषतो ते मोजून दाखवलं. 1896 मध्ये स्वीडनच्या स्वांते अऱ्हेनियसने कागद-पेन्सिल घेऊन हा वायू दुप्पट झाला तर तापमान किती वाढेल याचा हिशेब मांडला, त्याचं उत्तर पाच-सहा अंश आलं, आजच्या मानाने जास्तच, पण दिशा बरोबर. तेव्हा यात राजकारण नव्हतं, टीव्हीवरचे वाद नव्हते, बिचाऱ्याला हिमयुगाचं कोडं सोडवायचं होतं.

अऱ्हेनियसवर लगेच एक आक्षेप आला होता आणि तो आजही लोक नवा म्हणून फेकतात, म्हणून जरा थांबतो इथे. आक्षेप असा की कार्बन डायऑक्साइड जेवढी उष्णता अडवू शकतो तेवढी आत्ताच अडवतोय, खिडकीला काळा रंग एकदा दिला की दुसरा हात देऊन खोली आणखी अंधारी होणार नाही. ऐकायला पटतं. चूक कुठे आहे? हवा म्हणजे एकच काच नाही, थरांवर थर आहेत. उष्णता एका थरात शोषली जाते, तिथून परत बाहेर पडते, वरच्या थरात पुन्हा शोषली जाते, असं करत करत अशा उंचीला पोचते जिथून वर हवा इतकी विरळ की ती सुटून अंतराळात जाते. ती उंची सरासरी काढली तर साधारण पाच किलोमीटर येते आणि तिथलं तापमान उणे 18 अंश सेल्सिअस. सूर्याकडून जेवढं मिळतं तेवढं परत पाठवायला पृथ्वीला उणे 18 पुरेसं आहे. आता तिथून खाली उतरा, दर किलोमीटरला साधारण साडेसहा अंश वाढत जातात, पाच किलोमीटरचे झाले तेहतीसएक अंश, उणे 18 अधिक 33 म्हणजे जमिनीवर 15 अंश. पृथ्वीचं सरासरी तापमान बरोबर तेवढंच होतं. बाकी सगळे ग्राफ विसरलात तरी हा छोटासा हिशेब लक्षात ठेवा.

कार्बन डायऑक्साइड वाढवला की काय होतं, सुटकेची ती उंची थोडी वर सरकते. वर गार असतं. गार थर कमी उष्णता सोडतो. म्हणजे आवक तेवढीच, जावक कमी, आणि फरक साठत जातो जोपर्यंत वरचा तो थर पुन्हा उणे 18 पर्यंत गरम होत नाही, आणि तो गरम झाला की त्याच्याखालचं सगळंच गरम झालेलं असतं. इथे काळा रंग संपायचा प्रश्नच येत नाही. हां, परिणाम सरळ रेषेत वाढत नाही हे खरं, दर दुपटीला सारखीच भर पडते, 280 पीपीएमवरून 560 ला जेवढी तेवढीच 560 वरून 1120 ला. आत्तापर्यंत आपण कारखाने यायच्या आधीच्या 280 चे सव्वाचारशे केलेत, त्याची भर दर चौरस मीटरला दोन वॅटपेक्षा थोडी जास्त होते.

बरं, हे झालं वायू काय करतो ते. पण तो वाढवला कोणी? हा माझा आवडता भाग, कारण इथे शुद्ध जमाखर्च आहे.

एक लिटर पेट्रोल घ्या. वजन पाऊण किलोच्या आतच, त्यातला कार्बन साधारण 630 ग्रॅम. जळताना कार्बनच्या प्रत्येक अणूला ऑक्सिजनचे दोन अणू चिकटतात, 12 वजनाच्या अणूचा 44 वजनाचा रेणू होतो, म्हणजे 630 ग्रॅमचे होतात सव्वादोन किलोच्या वर. पेट्रोल पाऊण किलो आणि धूर सव्वादोन किलो कसा, असं मला एका हुशार इंजिनियरने विचारलं होतं, तर उरलेलं वजन हवेतल्या ऑक्सिजनचं. हा ऑक्सिजनचा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

जगात किती कोळसा, तेल आणि गॅस विकला जातो याच्या नोंदी असतात, कारण त्यावर पैसे मोजले जातात आणि पैशाचा हिशेब माणूस सहसा ठेवतोच. त्यावरून वर्षाला साधारण 37 अब्ज टन कार्बन डायऑक्साइड निघतो, जंगलतोड वगैरेचे आणखी चारेक धरले तर चाळीसच्या वर. वातावरणात 1 पीपीएम वाढायला 7.8 अब्ज टन लागतात. भागाकार करा, पाचच्या थोडं वर येतं. म्हणजे सगळा हवेत राहिला असता तर दरवर्षी पाच पीपीएमने आकडा वाढायला हवा होता. प्रत्यक्षात गेल्या दशकात सरासरी अडीचने वाढतोय. मग निम्मा गेला कुठे, पाणी कुठे मुरतंय?

अक्षरशः पाण्यातच मुरतंय, निदान त्यातलं जवळपास अर्धं तरी. एकूणातला साधारण पाव हिस्सा समुद्र पितो आणि उरलेला झाडं-माती घेतात. समुद्रात गेल्याचा पुरावा म्हणजे समुद्राचं पाणी आम्लाकडे झुकतंय, पीएच (आम्लतेचं माप, आकडा जेवढा कमी तेवढं आम्ल जास्त) 8.2 च्या आसपास होता तो 8.1 वर आलाय. दशांश एकच दिसतो पण हे स्केल लॉगचं आहे, आम्लता पाव हिश्शाहून जास्त वाढली असा त्याचा अर्थ. आणि इथेच एक संशयित सुटतो. "समुद्र गरम झाला म्हणून त्याच्यातूनच वायू बाहेर आला" असं म्हणणारे असतात, सोड्याची बाटली गरम झाली की गॅस सुटतो तसं. पण बाटलीतून गॅस सुटला तर बाटलीतला कमी व्हायला हवा ना? समुद्रात तर वाढतोय. थोडक्यात, आपण जेवढं टाकतो त्याच्या निम्मंच हवेत दिसतं, म्हणजे निसर्ग हिशेबात घेणारा आहे, देणारा नाही. एवढ्या एका वजाबाकीने प्रश्न निकालात निघतो असं माझं मत आहे, पण लोकांना वजाबाकीपेक्षा सॅटेलाइटचे फोटो जास्त पटतात त्याला काय करणार.

तरी आणखी तपासतो. कार्बनचे तीन प्रकार असतात, 12, 13 आणि 14. कार्बन 14 किरणोत्सारी आहे, साधारण 5,730 वर्षांत निम्मा होतो, त्यामुळे कोट्यवधी वर्षं जुन्या कोळशात आणि तेलात तो शून्य. 1950 च्या दशकात हान्स झ्यूस या रसायनशास्त्रज्ञाने झाडांच्या खोडातल्या वर्तुळांत बघितलं तर विसाव्या शतकातल्या लाकडात कार्बन 14 चं प्रमाण पातळ झालेलं, जसं दुधात पाणी घातलं की होतं. (नंतर अणुचाचण्यांनी हा आकडा वर उडवला आणि गोंधळ घातला, ती वेगळी कथा.) कार्बन 13 ची गोष्ट अशी की झाडं प्रकाशसंश्लेषण करताना हलका कार्बन 12 पसंत करतात, त्यामुळे झाडं आणि झाडांपासून बनलेला कोळसा यांत 13 कमी असतो. ज्वालामुखीच्या आणि समुद्राच्या कार्बनमध्ये असा कमीपणा नसतो. हवेतलं कार्बन 13 चं प्रमाण आमच्या यंत्रांवर वर्षानुवर्षं खाली घसरताना दिसतं. म्हणजे हवेत मिसळणारा कार्बन एकेकाळी झाड होता हे एका खुणेवरून कळलं आणि तो अतिशय जुना आहे हे दुसऱ्या खुणेवरून. जुनं झाड म्हणजे काय ते तुम्हीच सांगा.

आणि आता तो ऑक्सिजन. काही जळत असेल तर ऑक्सिजन खर्च व्हायलाच हवा, आणि होतोय, दरवर्षी दहा लाखांत साधारण चार रेणूंनी कमी. घाबरू नका, दहा लाखांत दोन लाखांहून जास्त आहेत, गुदमरायची वेळ येत नाही. पण 21 टक्क्यांच्या ढिगातून चार रेणूंचा फरक पकडणं ही भलतीच अवघड गोष्ट आहे, राल्फ कीलिंगने 1980 च्या दशकाच्या शेवटी ती जमवली. ज्वालामुखीतून किंवा समुद्रातून वायू येत असता तर ऑक्सिजन असा घटला नसता.

ज्वालामुखीचा विषय निघालाच आहे तर, जगातले सगळे ज्वालामुखी मिळून वर्षाला अर्ध्या अब्ज टनाच्या आत कार्बन डायऑक्साइड सोडतात. आपण एकट्या इंधनातून 37. सत्तर पटींहून जास्त.

"पण कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं चढताना दाखवणारा तो प्रसिद्ध ग्राफ ज्वालामुखीवरच मोजलाय ना?" हो, हवाईतल्या मौना लोआवर, राल्फचे वडील चार्ल्स डेव्हिड कीलिंग यांनी मार्च 1958 मध्ये तिथे मोजायला सुरुवात केली, पहिला आकडा 313 च्या आसपास होता आणि 2024 ची सरासरी सुमारे 424 आहे. जागा निवडली ती समुद्राच्या मध्यावर, 3,400 मीटर उंचीवर, आजूबाजूला शहर नाही झाडी नाही म्हणून. ज्वालामुखीकडून वारा आला की आकडा एकदम उसळतो, तासातासाला वेडावाकडा होतो, तो लगेच ओळखू येतो आणि बाजूला काढतात. हे मी स्वतः अनुभवलंय वेगळ्या ठिकाणी, एका रात्री आमच्या केंद्रावर आकडा मधूनच 480 च्या वर जायचा आणि परत खाली यायचा, मी दोन तास यंत्र उघडून बसलो, कॅलिब्रेशनचे सिलेंडर बदलून बघितले, सगळं ठीक. शेवटी बाहेर जाऊन बघतो तर कोणीतरी जनरेटर उचलून हवा खेचणाऱ्या पाइपच्या वाऱ्याकडच्या बाजूला ठेवला होता. जवळचा धूर असा दिसतो, दातेरी. दूरवर मिसळून आलेली हवा संथ असते. शिवाय मोजणारी ठिकाणं जगभर आहेत, दक्षिण ध्रुवावरही 1950 च्या दशकाच्या शेवटापासून मोजतात, तिथे कुठला ज्वालामुखी धूर सोडत उभा नाही, आणि तिथेही तोच चढ दिसतो, फक्त उत्तरेपेक्षा थोडा मागे. का मागे? कारण इंधन जास्त करून उत्तर गोलार्धात जळतं आणि हवा विषुववृत्त ओलांडायला वर्षभर घेते. मला विचाराल तर गुन्हेगाराचा पत्ता सांगणारी ही खूण आहे.

आता सूर्य. सूर्याची शक्ती 1978 पासून सॅटेलाइटवरून सलग मोजली जाते. दर चौरस मीटरला सुमारे 1,361 वॅट, आणि अकरा वर्षांच्या चक्रात ती साधारण 0.1 टक्क्याने वरखाली होते. गेल्या चार-साडेचार दशकांत तिच्यात वाढीचा कल नाही, झाला तर किंचित उतारच, आणि नेमकं याच काळात तापमान सगळ्यात वेगाने वाढलं. एवढ्यावरच सूर्य सुटतो खरं तर. पण त्याहून भारी खूण आकाशात आहे. सूर्य जास्त तापला असता तर वातावरण वरपासून खालपर्यंत सगळंच गरम झालं असतं. वायूंमुळे होत असेल तर खालचा थर गरम आणि वरचा, म्हणजे स्ट्रॅटोस्फियर, गार व्हायला हवा, कारण तिथे जादा कार्बन डायऑक्साइड उष्णता अंतराळात फेकायचं काम करतो. स्युकुरो मानाबे आणि रिचर्ड वेदरल्ड या हवामानशास्त्रज्ञांनी हे 1967 मध्ये हिशेबाने सांगितलं होतं, मोजणारी सॅटेलाइट वर जायच्या आधी. नंतर मोजलं तर तसंच निघालं, खाली गरम, वर गार. यात ओझोन कमी झाल्याचाही हात आहे, विशेषतः स्ट्रॅटोस्फियरच्या खालच्या भागात, पण त्याच्या वरच्या भागातली थंडी मुख्यतः कार्बन डायऑक्साइडची. मानाबेंना 2021 मध्ये नोबेल मिळालं. बातमी आली तेव्हा आमच्या लॅबमध्ये पेढे वाटल्यासारखं वातावरण होतं.

आणि थेट पुरावाच हवा असेल तर तोही आहे. 1970 मध्ये एका सॅटेलाइटने पृथ्वीकडून बाहेर जाणारी इन्फ्रारेड तरंगलांबीनुसार मोजली होती, 1997 मध्ये दुसऱ्याने तेच मोजलं. दोन्ही एकावर एक ठेवले तर मिथेन, कार्बन डायऑक्साइड वगैरे ज्या ज्या ठिकाणी शोषतात तिथे जावक कमी झालेली, जणू कोणी चावे घेतलेत. उलट बाजूने, जमिनीवरून वर बघणाऱ्या यंत्रांनी 2000 ते 2010 या काळात मोजलं, कार्बन डायऑक्साइड 22 पीपीएमने वाढला तेव्हा त्याच्याकडून खाली येणारी उष्णता दर चौरस मीटरला 0.2 वॅटने वाढली. हे थिअरीचं अनुमान नव्हे, यंत्राने घेतलेली नोंद आहे.

हिमयुगांचं काय मग? ती कशी आली गेली हेही बऱ्यापैकी माहीत आहे. पृथ्वीची कक्षा आणि आसाचा कल हजारो वर्षांच्या चक्रात बदलतो, त्याने उत्तरेकडच्या उन्हाळ्यातलं ऊन कमी-जास्त होतं. अंटार्क्टिकाच्या बर्फात त्या काळची हवा बुडबुड्यांत अडकून बसलेली आहे, बर्फाचा गाभा कापून व्हॅक्युममध्ये ठेचतात आणि सुटलेली हवा यंत्रात घेतात, आठ लाख वर्षांपर्यंतचा सलग हिशेब मिळतो. त्या सगळ्या काळात कार्बन डायऑक्साइड 180 ते 300 च्या मध्ये फिरत राहिला, कधीच त्याच्या वर नाही.

इथे जाणकार आक्षेप घेणारे म्हणतात की त्याच बर्फात आधी तापमान वाढलेलं दिसतं आणि कार्बन डायऑक्साइड मागून. अंटार्क्टिकापुरतं खरं आहे. कक्षेमुळे सुरुवात झाली, समुद्र तापला, त्याने वायू सोडला आणि त्या वायूने पुढची वाढ केली, बाकीच्या जगातल्या नोंदी घेतल्या तर बरीचशी वाढ वायूच्या मागून आलेली दिसते. आधी कोंबडी की आधी अंडं असा हा प्रकार, दोन्ही खरं. पण या वेळी समुद्राने काही सोडलेलं नाही हे वर बघितलंच, आणि कक्षेच्या हिशेबाने तर सध्या अगदी हळूहळू गार व्हायला हवं होतं. वेगही बघा, शेवटचं हिमयुग संपताना 80-90 पीपीएम वाढायला सात-आठ हजार वर्षं लागली. कीलिंगच्या पहिल्या आकड्यापासून आतापर्यंत 110 वाढलेत, साठ-सत्तर वर्षांत.

बाकीच्या कारणांबद्दल भराभर. मिथेन औद्योगिक काळाच्या आधीच्या अडीचपटीहून जास्त झालाय, भातशेती, गुरं, कचऱ्याचे ढीग, गॅसच्या गळत्या. तो बारा-एक वर्षांतच नाहीसा होतो पण तेवढ्यात बराच ताप देऊन जातो. नायट्रस ऑक्साइड मुख्यतः खतांमधून. पाण्याची वाफ हा सगळ्यात मोठा हरितगृह वायू, म्हणजे उष्णता अडवणारा वायू, आहे हे खरं, पण ती स्वतःहून वाढत नाही, जादा झाली तर आठ-दहा दिवसांत पाऊस होऊन पडते. हवा एक अंश तापली की साधारण 7 टक्के जास्त वाफ मावते, म्हणून वाफ आगीत तेल ओतते, काडी लावत नाही.

आणि उलट बाजूचं एक कारण आहे जे लोक विसरतात, धूर आणि गंधकाचे बारीक कण. ते ऊन परत पाठवतात. 1940 ते 1970 तापमान फारसं वाढलं नाही त्यात याचा मोठा वाटा आहे. 1991 मध्ये फिलिपिन्सच्या पिनाटुबो ज्वालामुखीने कोट्यवधी टन गंधकाचा वायू स्ट्रॅटोस्फियरमध्ये फेकला तेव्हा जग जवळपास अर्ध्या अंशाने गार झालं आणि दोनेक वर्षांत पूर्ववत. म्हणजे मोठे ज्वालामुखी तापवण्यापेक्षा गारच जास्त करतात. आता आपण हवा स्वच्छ करतोय, करायलाच हवी, पण त्याने झाकलेली गरमी थोडी उघडी पडते, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं.

थर्मामीटरवर शंका घेणाऱ्यांसाठी दोन शब्द. शहरं गरम असतात म्हणून सरासरी फुगते का, हे रिचर्ड मुलर नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाला खरंच वाटत होतं, म्हणून त्याने बर्कली अर्थ हा प्रकल्प काढून सगळा डेटा पहिल्यापासून तपासला आणि 2012 मध्ये जाहीरपणे सांगितलं की वाढ खरी आहे आणि माणसामुळेच आहे. मत बदलणाऱ्या माणसाबद्दल मला आदर आहे. "जुने आकडे दुरुस्त करतात" हा आरोप तर उलटाच लागू पडतो, पूर्वी जहाजावर कापडी बादलीने पाणी काढून तापमान घ्यायचे, बादली वर येईपर्यंत पाणी गार व्हायचं, ती चूक सुधारली की जुना समुद्र थोडा गरम निघतो, म्हणजे एकूण वाढ कमी दिसते, जास्त नाही.

आणि हवेचं तापमान हे तसं बघितलं तर किरकोळ खातं आहे, जादा उष्णतेतली 90 टक्के समुद्रात जाते. आर्गो नावाचे सुमारे 4,000 तरंगते यंत्रमानव जगभरच्या समुद्रांत 2,000 मीटरपर्यंत बुडी मारून दर दहा दिवसांनी वर येऊन आकडे पाठवतात. त्यांच्यावरून निघतं की पृथ्वी दर चौरस मीटरला 0.8 वॅटच्या आसपास साठवत होती 2006 ते 2018 या काळात. पूर्ण पृथ्वीला गुणलं तर होतात 400 लाख कोटी वॅट, सगळी मानवजात जेवढी ऊर्जा वापरते त्याच्या साधारण वीसपट. म्हणूनच कारखान्यांच्या आणि इंजिनांच्या थेट उष्णतेने जग तापतंय असं म्हणणंही टिकत नाही, तेवढी उष्णता आपल्याकडे नाहीच.

मग नक्की माहीत नाही असं काय आहे? ढग. तापलेल्या जगात खालचे ढग किती विरळ होतील यावर बरंच अवलंबून आहे, म्हणून कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला तर किती अंश वाढेल याला एकच आकडा नाही. 1979 मध्ये शास्त्रज्ञ दीड ते साडेचार म्हणत होते, आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामान बदलावरच्या समितीच्या 2021 च्या अहवालात अडीच ते चार अशी शक्यता आणि मधला आकडा तीन. चाळीस वर्षांत एवढंच आकुंचन, आम्हालाही लाज वाटते कधीकधी. पण वाद आहे तो किती यावर, कोणामुळे यावर नाही. त्याच अहवालात 1850-1900 च्या तुलनेत 2010-2019 पर्यंतची वाढ 1.06 अंश दिलीय आणि त्यात माणसाचा वाटा 1.07. वाटा एकूणापेक्षा जास्त कसा, असं विचारत मेसेज येतीलच, तर नैसर्गिक कारणांचा वाटा शून्याच्या आजूबाजूला, किंचित उणे किंवा किंचित अधिक धरलाय, आणि दोन्ही आकडे वेगवेगळ्या पद्धतीने काढलेले आहेत.